चढावरची काडेपेटी

फुलवालीला नव्या बादल्या घेऊन दिल्या, तिची माफी मागितली, गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून घेतला, आणि त्यानंतर घरात त्या गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणजे मास्तरांसमोर काढला नाही. त्यांच्या पाठीमागे दुसरा विषयच नव्हता. थोरला ताईशी बोलत होता, ताई धाकट्याशी, धाकटा वहिनीशी, आणि वहिनी पुन्हा थोरल्याशी, तेही दार लावून, जणू तो आपला नवरा नसून कुणी अशील आहे. शेवटी रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, बसायचं ठरलं. त्या वेळी मास्तर गॅरेजमध्ये गाडी पुसत असतात आणि गाडी पुसताना त्यांना जगाचं भान नसतं, असा सगळ्यांचा समज होता.

ताईनं जेवणाच्या टेबलाच्या टोकाची खुर्ची घेतली. मुख्याध्यापिका झाल्यापासून तिला टेबलाच्या टोकाखेरीज कुठे बसून बोलताच येत नाही.

"विषय एकच आहे," ती म्हणाली. "बाबांनी गाडी चालवणं थांबवायचं. त्यांना कोण सांगणार आणि केव्हापासून, एवढंच ठरवायचंय. फाटे फोडायचे नाहीत."

"एक स्पष्ट करतो," थोरला म्हणाला. तो वकील. "आपण बाबांवर आरोप करत नाही आहोत. जे घडलं त्याला अपघात म्हणायचं की—"

"दादा, त्यांनी फुलांच्या दुकानात गाडी घातली."

"दुकानात नाही. दुकानासमोरच्या बादल्यांत."

"आणि तुझी मुलगी शेजारच्या सीटवर होती."

पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. पोहण्याच्या क्लासवरून आजोबांबरोबर परत येताना हे झालं, आणि ओल्या केसांत पाकळ्या घेऊन ती घरी आली तेव्हा एवढंच म्हणाली होती, "आजोबांनी ब्रेक दाबलाच नाही." मास्तरांचं म्हणणं होतं की ब्रेक दाबला, पण लागला नाही. मेकॅनिकनं दोनदा तपासून ब्रेक उत्तम असल्याचं सांगितलं. तो मेकॅनिकही मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकलेला, त्यामुळे ते त्यानं मान खाली घालून सांगितलं.

तसं पाहिलं तर शहरातली निम्मी माणसं मास्तरांच्याच हाताखाली शिकली होती. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल बंद होऊन बरीच वर्षं झाली, तरी सिग्नलला शेजारी मास्तरांची गाडी दिसली की चांगले केस पिकलेले लोक अजून पाठ ताठ करून बसतात आणि आरशात बघतात. अशा माणसाला त्याच्याच घरातून सांगायचं की आता तुम्हाला गाडी येत नाही.

"मला विचाराल तर प्रश्न नजरेचा आहे," धाकटा म्हणाला. तो विम्यात, त्यामुळे दोष कुणाचा हे तो आधी बघतो. "आणि वहिनी, राग मानू नका, पण डोळे चांगले आहेत असं सर्टिफिकेट तुम्हीच दिलंय."

वहिनीनं पाण्याचा पेला उचलला आणि तो सावकाश संपवला. डोळ्यांची डॉक्टर म्हणून तिचं नाव होतं. लोक दुरून यायचे. गेल्या वर्षी तिनं सासऱ्यांना भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला, तेव्हा त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी धडाधड म्हणून दाखवल्या. रोज संध्याकाळी तिला घरी न्यायला ते दवाखान्यात यायचे आणि ती मोकळी होईपर्यंत त्या तक्त्यासमोरच बसायचे. तेवढ्या वेळात तो पाठ न होणं अवघड होतं. हे तिला तेव्हाच कळलं होतं, कारण शेवटची ओळ वाचताना ते खिडकीबाहेर बघत होते. पण सासऱ्यांना नापास करायचं, आणि तेही त्यांच्याच गाडीत बसून घरी जायच्या पाच मिनिटं आधी, हे तिच्याच्यानं झालं नाही. तिनं सही केली आणि पर्स घेतली.

"तेव्हा नजर ठीक होती," ती म्हणाली.

"मग आता सांगणार कोण?" ताईनं विचारलं.

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं.

"मी? माझं कोण ऐकणार? मी तर नापास!"

हेही खरं होतं. सरकारनं दिलेल्या लायसन्सला या घरात कुणी विचारत नसे. घरचं लायसन्स पाण्याच्या टाकीमागच्या चढावर मिळायचं. गाडी चढावर मध्येच थांबवायची, मास्तर खाली उतरून मागच्या चाकाला अगदी चिकटून काडेपेटी ठेवायचे, आणि मग हँडब्रेकला हात न लावता गाडी वर न्यायची. ब्रेकवरून पाय उचलून अॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी केसभर जरी मागे आली, तरी काडेपेटीचा चुरा. पेटी शाबूत तर पास. थोरला दुसऱ्या खेपेला पास झाला, धाकटा पहिल्याच. ताईनं मात्र एवढ्या काडेपेट्या चिरडल्या की कोपऱ्यावरच्या दुकानदारानं घरात सिगरेट कोण ओढतं म्हणून विचारलं होतं. पुढे ती मुख्याध्यापिका झाली, शंभर शिक्षकांना धाकात ठेवू लागली, पण गाडीला तिनं हात लावला नाही.

"सांगेल कुणीही," धाकटा म्हणाला. "पण केव्हापासून? मला वाटतं आजपासूनच."

"आजपासूनच," थोरला म्हणाला.

"लगेच," वहिनी म्हणाली.

असं एकमत या कुटुंबात मास्तरांच्या वडिलांच्या वेळच्या वाटणीपासून झालं नव्हतं. ते फार वेळ टिकलं नाही.

"फक्त माझ्या शाळेच्या परीक्षा होऊन जाऊ देत," ताई म्हणाली. "सकाळी मला शाळेत सोडायला बाबाच येतात. तिकडे बस जात नाही. आणि सकाळी रस्ता मोकळाच असतो."

"मघाशी म्हणालीस फाटे फोडायचे नाहीत."

"फाटा नाही, सोय आहे. पोहण्याच्या क्लासचं काय करणार आहेस तू?"

थोरला घुटमळला. "तो रस्ता सरळ आहे तसा. फुलवालीनं बादल्या आत घेतल्या तर..."

"आपल्या मुलीला त्या गाडीत परत बसवणार तुम्ही?" वहिनीनं विचारलं.

"मागच्या सीटवर," थोरला म्हणाला. "बेल्ट लावून. आणि तू तरी दवाखान्यातून कशी येणार आहेस?"

संध्याकाळी दवाखान्याच्या भागात टॅक्सी मिळत नाही आणि थोरला रात्रीशिवाय कामातून सुटत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"मी काही माझ्यासाठी म्हणत नाही," धाकटा म्हणाला, आणि सगळ्यांना कळलं की आता तो स्वतःसाठी काहीतरी म्हणणार. "पण दौऱ्यावर जाताना स्टेशनवर मला बाबा सोडतात ते पहाटे. पहाटे रस्त्यावर असतं कोण?"

सगळं जमेला धरल्यावर असं निघालं की मास्तरांनी सकाळी, संध्याकाळी आणि पहाटे गाडी चालवायला कुणाची हरकत नव्हती. बंदी राहिली ती रविवारी दुपारपुरती.

हे सगळं आई खिडकीजवळच्या दिवाणावर पाय लांब करून ऐकत होती. तिचा उजवा गुडघा नुकताच बदलला होता. हातात मास्तरांचा शर्ट होता आणि ती त्याचं बटण लावत होती. एकच बटण ती मघापासून लावत होती.

ब्रेक का लागला नाही, हे या घरात फक्त तिला माहीत होतं.

स्कूल बंद केलं तेव्हा मास्तरांनी बाकीच्या गाड्या विकल्या, पण शेवटची ठेवली. टपावरची पाटी काढली, शेजारच्या सीटसमोरचे शिकवणाऱ्याचे पेडल मात्र तसेच राहू दिले. शिकवताना ते त्याच सीटवर बसायचे आणि शिकणारा चुकला की आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचे. आता त्या सीटवर आई बसायची. तीनेक वर्षांपूर्वी एका चौकात समोरून बस आली, मास्तर तिच्याकडे बघतच राहिले, आणि आईचा पाय आपोआप त्या पेडलवर गेला. गाडी थांबली. मास्तर काही बोलले नाहीत. आईही बोलली नाही. त्यानंतर तिनं त्यांना एकट्याला कुठे जाऊ दिलं नाही. ताईला शाळेत सोडायला ती बरोबर, नातीला आणायला ती बरोबर, धाकट्यासाठी पहाटे उठून केस विंचरून ती गाडीत बसलेली. नात मागे बसायची. आईनं किती वेळा ब्रेक दाबला हे तिचं तिलाच माहीत. शेजारपाजारचे म्हणायचे, या वयातही दोघांना एकमेकांवाचून करमत नाही बघा. आई हसून मान डोलवायची आणि पुढच्या वळणाकडे बघायची.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती घरी राहिली, नात हट्टानं आजीच्या सीटवर बसायला लागली, आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी बादल्या उडाल्या.

निम्म्या शहराला गाडी शिकवणाऱ्या या माणसानं बायकोला मात्र कधी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर तिनं एकदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, "घरात एक ड्रायव्हर पुरे." ते तिला लागलं होतं आणि अजूनही लागत होतं. पण आज तिला त्याचा राग येत नव्हता. आज तिला भीती वाटत होती. सांगितलं तर नवऱ्याचं नाक कापलं जाणार होतं, तेही त्यानं काडेपेटीवर पास-नापास केलेल्या पोरांसमोर. नाही सांगितलं तर उद्या संध्याकाळी ती पोर पुन्हा त्या सीटवर बसणार होती, आणि तिचे पाय अजून खालच्या पेडलपर्यंत पोचत नव्हते.

तिनं दोरा तोडला. "मला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"आई, तू थांब जरा," ताई म्हणाली. "तुला गाडीतलं काय कळतं? आम्ही बघतोय ना."

तेवढ्यात दारात मास्तर उभे राहिले. हातात पुसायचं फडकं होतं. गॅरेजचा झरोका बरोबर या खोलीच्या खिडकीखाली येतो ही गोष्ट या घरात वाढलेल्या तीन मुलांना आठवायला हवी होती.

"चालू दे तुमचं," मास्तर म्हणाले. "माझ्या कानावर आलं ते बरोबर आहे का तेवढं बघा. मी पहाटे गाडी चालवायची, सकाळी चालवायची, संध्याकाळी चालवायची. फक्त रविवारी दुपारी चालवायची नाही."

थोरल्यानं घसा साफ केला आणि तेवढ्यावरच थांबला.

"आज रविवार आहे," मास्तर म्हणाले. "दुपारही आहे. चला, टाकीमागे जाऊ. तुमची जिथं परीक्षा झाली तिथंच माझी होईल. पेटी राहिली तर यापुढे हा विषय नाही. पेटी गेली तर किल्ली तुमची. कबूल?"

"बाबा, याला तसा काही आधार—" थोरला म्हणाला.

"वकीलसाहेब, कबूल की नाही?"

"कबूल."

"आणि परीक्षा नियमानं. शेजारच्या सीटवर एक माणूस लागतो." त्यांनी दिवाणाकडे पाहिलं. "तू चल गं."

"बाबा, आईचा गुडघा!" वहिनी म्हणाली.

"तिला चालायचं नाहीये. बसायचंय."

आईनं शर्टाची घडी केली आणि काठी मागितली.

परीक्षा होईपर्यंत मास्तरांच्या गाडीत बसायला आणखी कुणी तयार नव्हतं. प्रत्येकाला थोरल्याच्या गाडीतच जागा हवी होती. त्यामुळे मास्तर आणि आई पुढे, आणि मागून चौघं, अशी ही वरात निघाली. नात तेवढी शेजारी खेळायला गेली होती. थोरल्याची गाडी आपली आपण गियर बदलणारी होती. मास्तर तिला पाळणा म्हणत.

"पास झाले तर?" वाटेत वहिनीनं हळूच विचारलं.

"तर काय, शब्द दिलाय आपण," थोरला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जेवढं दुःख असायला हवं होतं तेवढं नव्हतं.

"नातीला तेवढं पुढे बसू द्यायचं नाही," ताई म्हणाली.

"आणि डोळ्यांना थेंब सुरू करू," वहिनी म्हणाली.

धाकटा खिडकीतून बाहेर बघत होता. बाबा पास व्हावेत असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्यात स्टेशनचा वाटा किती नि बाबांचा किती, याचा विचार त्यानं केला नाही.

चढ होता तसाच होता. एका बाजूला टाकीची भिंत, दुसऱ्या बाजूला उंच गवत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मास्तरांनी बरोबर मध्यावर गाडी थांबवली, खिडकीची काच खाली केली आणि शर्टाच्या खिशातून काडेपेटी काढून धाकट्याच्या हातात दिली. त्यांनी सिगरेट सोडली तेव्हा धाकट्याचा जन्मही झाला नव्हता. खिशातली पेटी मात्र सुटली नव्हती.

"चिकटून ठेव," ते म्हणाले. "दया दाखवू नकोस."

धाकट्यानं वाकून मागच्या चाकाला चिकटून पेटी उभी केली. सगळे बाजूच्या गवतात जाऊन उभे राहिले.

गाडीत आईचा पाय तिच्या बाजूच्या ब्रेकवर होता. डावा पाय. उजव्या गुडघ्याला आत्ताशी वाकायची सवय होत होती. तिला या परीक्षेत काय करायचं ते नीट ठाऊक होतं. मास्तरांचा पाय ब्रेकवरून उचलला जाईल, अॅक्सिलरेटरकडे निघेल, आणि आताशा त्या प्रवासाला फार वेळ लागत असे. तेवढा वेळ आपण दाबून धरायचं. इंजिनाचा आवाज भरला की सोडायचं. गाडी तसूभर मागे जाणार नाही. मास्तर पास होतील, मुलं नाक मुरडत आनंदानं घरी जातील, आणि सगळं पूर्वीसारखं चालू राहील. ती पुन्हा रोज पहाटे केस विंचरून गाडीत बसेल. जोवर बसवेल तोवर. आणि ज्या दिवशी बसवणार नाही, त्या दिवशी त्या जागी पोर असेल.

"तयार?" मास्तरांनी विचारलं. ते समोर बघत होते.

"हो."

त्यांनी क्लच दाबला, गियर टाकला. "निघतो," ते म्हणाले.

आईनं पाय उचलला. नुसता उचलला नाही, मागे घेऊन सीटखाली नेला आणि दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा धरून ठेवला, कारण त्या पायाचा तिला भरवसा नव्हता.

गाडी मागे आली. फार नाही, हातभर. मग इंजिन गुरगुरलं, गाडी सावरली आणि वर चढून टाकीच्या फाटकाशी थांबली. काडेपेटी मोडल्याचा आवाज एवढासा असतो, पण गवतात उभ्या असलेल्या तिन्ही मुलांना तो ओळखीचा होता.

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"पाय काढलास," मास्तर म्हणाले.

आईनं धरलेला गुडघा सोडला. "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन्ही पेडल एकाच दांड्याला जोडलेत. तू तुझं दाबलंस की माझ्या पायाखालचं खाली जातं. मला कळणार नाही? जन्मभर दुसरं काय केलं मी? समोरचा गोंधळला की गुपचूप इकडून दाबायचं आणि त्याला वाटू द्यायचं, गाडी आपणच थांबवली. म्हणजे त्याचा धीर सुटत नाही." त्यांनी हात स्टिअरिंगवरून खाली घेतले. "तू माझा धीर सुटू दिला नाहीस. तीन वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चांगलं चाललं होतं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ती पोर शेजारी बसली होती ना, तेव्हा बादल्या दिसल्या मला. उशिरा, पण दिसल्या. आणि मी पेडल खाली जायची वाट बघत बसलो. लक्षातच आलं नाही, की तिथं तू नाहीस."

त्यांचा आवाज फुटला. आईनं आयुष्यात तो फुटलेला ऐकला नव्हता, आणि आता ऐकला तेव्हा तिला आपणच गुन्हा केल्यासारखं वाटलं.

"मी पाय काढायला नको होता," ती म्हणाली.

"मग तुला कशाला आणलं इथं? पोरांच्या सांगण्यावरून मी सोडली नसती. ते एकीकडून सोडा म्हणतात आणि दुसरीकडून ने म्हणतात. म्हटलं, तुझा पाय काय म्हणतो ते बघू." त्यांनी दार उघडलं. "बरोबर म्हणाला."

ते चालत खाली आले. आपल्या मोडलेल्या पेटीपाशी वाकले, काड्या एकेक करून वेचल्या, आणि उभं राहून सगळ्यांकडे बघत, हजारो माणसांना ज्या आवाजात सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाले, "नापास."

खरं तर इथं सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. ज्यासाठी इतके दिवस जीव टांगणीला लागला होता ते आपसूक झालं होतं, आणि कुणाला तोंड उघडावं लागलं नव्हतं. पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर सोमवार उभा राहिला.

"बाबा," ताई म्हणाली, "आम्हाला तुम्ही एका दिवसात तीन-तीन संधी द्यायचा."

"तुला सहा दिल्या होत्या."

"तेच म्हणते. मग तुम्ही निदान आणखी एक घ्या."

"शिवाय पेटी जरा तिरकी होती," थोरला म्हणाला. "ठेवणाऱ्याची चूक परीक्षार्थीच्या माथी मारता येत नाही."

"मी सरळ ठेवली होती!" धाकटा म्हणाला. "पण रस्त्यावर खडी आहे, बाबा. तेव्हा खडी नव्हती."

"दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं," वहिनी म्हणाली. "ढग असतील तेव्हा बघू या का परत?"

मास्तरांनी चौघांकडे पाहिलं. मुलं आपल्यावर प्रेम करतात याबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती. त्यातलं किती प्रेम पेट्रोलवर चालतं हे आज पहिल्यांदा दिसलं, आणि वाईट वाटलं तरी त्यांना हसूच आलं.

"नापास म्हणजे नापास," ते म्हणाले आणि किल्ली पुढे केली. "घ्या."

किल्ली घ्यायला कुणी हात पुढे करेना. थोरल्याला पाळण्याची सवय झाली होती. वहिनीला थोरल्याच्या शेजारी बसायचं होतं. ताईनं हात मागे बांधले. शेवटी किल्ली धाकट्याकडे आली, कारण किल्ल्या, म्हातारे पाहुणे आणि जड बॅगा या घरात नेहमी धाकट्याकडेच येतात.

मास्तर मागच्या सीटवर बसले. या गाडीची मागची सीट त्यांनी विकत घेतानाच काय ती पाहिली असेल. शेजारी ताई बसली. पुढे शेजारच्या सीटवर आई होतीच.

धाकट्यानं गाडी वळवली आणि उताराला लागला. मागे मास्तर बसले आहेत म्हटल्यावर तो पाठ ताठ करून बसला होता. आरशात बघावं तर त्यात तेच दिसत होते.

"आई," ताई अचानक म्हणाली, "मघाशी तू काय सांगणार होतीस?"

"काही नाही," आई म्हणाली. "मला गाडी शिकायचीय."

"या वयात? अगं, गुडघा—"

"गुडघा नवीन आहे. बाकीचं आहे ते चालेल."

ताईनं हसत मास्तरांकडे पाहिलं. आता बाबाच हे निकालात काढतील अशी तिची खात्री होती. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"माझ्याकडे नको," ते म्हणाले. "मला आता जमणार नाही शिकवायला. मेकॅनिककडे जा. तो हल्ली शिकवतो. मीच शिकवलंय त्याला, हात चांगला आहे त्याचा." मग तोंड खिडकीकडेच ठेवून म्हणाले, "तेव्हाच शिकवायला हवं होतं तुला."

आईनं मागे वळून पाहिलं नाही. मान वळवली असती तर डोळे दिसले असते, आणि ते तिला नको होतं.

खालच्या चौकात फुलवालीच्या दुकानासमोर नव्या बादल्या मांडलेल्या होत्या. धाकटा आरशात बघत होता. त्याच वेळी एका बादलीमागून एक सायकलवाला वाकडातिकडा रस्त्यात आला, आणि मागच्या सीटवरून मास्तरांना तो सगळ्यांच्या आधी दिसला. बहुधा असे सायकलवाले आयुष्यभर बघत आल्यामुळे दिसला. त्यांचा पाय जोरात पुढे गेला. तिथं नुसतं पायपुसणं होतं.

गाडी मात्र गचका देऊन थांबली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

"ब्रेक कुणी मारला?" धाकट्यानं घाबरून विचारलं. "मी नाही मारला!"

"तूच मारलास," मास्तर मागून म्हणाले. "छान मारलास. चल."

धाकट्याचे खांदे सैल झाले. त्यानं गियर टाकला. शेजारी आईनं पाय हळूच मागे घेतला. मास्तरांचा पाय मात्र घर येईपर्यंत पायपुसण्यावर तसाच दाबलेला राहिला.